सोमवारचा घाट

कोकणात आम्हाला 'घाटावरचे सर' म्हणतात. सोलापूर, लातूर, धाराशिव, परभणीकडची आम्ही माणसं चिपळूणच्या आसपासच्या उर्दू शाळांत शिकवायला आलो. गंमत अशी की आमच्यापैकी एकानेही नोकरी लागेपर्यंत घाट म्हणावा असा घाट मोटारसायकलवर चढलेला नव्हता. बालाघाटच्या टेकड्या सोडल्या तर आमच्याकडचे रस्ते सरळ. समोरून येणारी गाडी दिसल्यावर तंबाखू मळून होईपर्यंत ती जवळ येत नाही. अशा रस्त्यांवर गाडी शिकलेला माणूस कुंभार्ली घाटात आला की त्याला वाटतं, आपल्याला गाडी येते. येते ती सरळ रस्त्यावरची.

दरवर्षी नवे शिक्षक येतात. २०२४ साली पवित्र पोर्टलवरून बरीच पोरं आली. त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत. जुन्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

चिपळूणहून कराडला जायचं तर शिरगाव, पोफळी, मग घाट, घाटमाथा, हेळवाक, कोयनानगर, पाटण असा शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे. जाताना घाट चढणीचा, म्हणजे त्यातल्या त्यात सोपा. चढाला गाडी आपोआप सावकाश होते, चूक झाली तरी ती सावकाश होते. फक्त मागे बांधलेल्या ओझ्याचा विचार करावा. मे महिन्यात प्रत्येकाला घरी हापूसच्या पेट्या न्यायच्या असतात. दोन पेट्या कॅरिअरच्या अगदी टोकाला बांधल्या की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात राहिल्यासारखं वाटत नाही. पेटी एकच न्यावी, आणि पाठीला चिकटून बांधावी. अम्मी एका पेटीवर रागावत नाही.

खरा घाट येतानाचा. कोयनेच्या काठाकाठाने रस्ता छान येतो, हात सैल पडलेले असतात, आणि घाटमाथ्यावर एकदम पुढची जमीनच संपते. तिथे थांबावं. चहा घ्यावा, चेन आणि टायर बघावेत, दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली खरंच लागला आहे का ते बोटाने तपासावं. मग उतरावं.

उतरताना बरेचजण पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. काही महाभाग तर चावीच बंद करतात. वाचतं किती? चहाच्या एका कपाइतकं. आणि जातं काय, तर इंजिनाची अख्खी पकड. मग सारा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, तापले की धरेनासे होतात. आमच्या उर्दू विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला 'रगड' म्हणतात आणि मराठीत घर्षण, ते मुलांना आपणच शिकवतो. घाटात मात्र ते फळ्यावरच राहतं. साधा हिशेब असा की जे वळण ज्या गिअरमध्ये चढावं लागलं असतं, त्याच गिअरमध्ये ते उतरावं. इंजिन गुरगुरेल. गुरगुरू द्यावं.

दुसरं, पुढच्या ब्रेकची भीती. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते ही समजूत आमच्या गावाकडे सायकलच्या काळापासून आहे. त्यामुळे नवखा फक्त मागचा ब्रेक दाबतो, मागचं चाक लॉक होऊन घसरतं आणि गाडी आडवी होते. गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचंच चाक करतं. पण ते सरळ असताना, हळूहळू दाबल्यावर. वळणात गाडी कललेली असताना अचानक आवळलं तर तेही निसटतं. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या अगोदर. वळणात शिरल्यावर हाताला काही काम उरू नये, काम उरतं ते फक्त डोळ्यांना. नजर जिथे जाते तिथे गाडी जाते. दरीकडे, कठड्याकडे, खडीच्या ढिगाकडे टक लावून बघाल तर बरोबर तिकडेच जाल. वळण जिथे संपतं तिथे बघावं.

एसटीबद्दल आमचं मत जरा वेगळं आहे. लोक तिला शिव्या घालतात. आम्हाला तो चालक घाटातला सर्वांत शहाणा माणूस वाटतो. केसाच्या पिनेसारख्या वळणावर एसटीला सगळा रस्ता लागतो, पुढचं तोंड बाहेर जातं आणि मागची चाकं आतून कापत येतात. त्या आतल्या जागेत मोटारसायकल घुसवणारा शहाणा नव्हे. वळणाच्या अलीकडे थांबावं, तिला पुरी वळू द्यावी. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा तर कायदाच आहे, उतरणाऱ्याने थांबायचं. आणि आपली डावी बाजू सोडायची नाही. समोरून कोणी येत नाही असं वाटून वळण कापणारा, येणाऱ्याला दिसतच नसतो.

हे सगळं आठ दिवसांत येतं. जे येत नाही ते वेगळंच आहे.

आमचा लातूरवाला मित्र पहिल्याच जुलैत पडला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर निघाला, गाडी कराडला लावून पुढे बसने गेला. रविवारी घरच्यांनी 'जेवून जा' म्हणून थांबवलं, दुपारची संध्याकाळ झाली. रात्रभर बसमध्ये बसून पहाटे चारला कराड. तिथून गाडी काढली. घाटमाथ्यावर पोचला तेव्हा धुकं असं की पुढचं चाक दिसेना. त्याने अप्पर लाईट लावला, आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहिली. धुक्यात डिप्परच लावायचा, हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवायची आणि डाव्या कडेची पांढरी रेघ धरून पायी चालल्यासारखं उतरायचं, हे त्याला माहीत होतं. आम्हीच सांगितलं होतं. पण घड्याळ पाहिलं की माहीत असलेलं कामाला येत नाही. एका ओल्या वळणावर खडी होती, त्याने मागचा ब्रेक दाबला. एका ट्रकच्या क्लीनरने त्याला उचलून कडेला बसवलं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. फोन आम्हाला आला. पहिलं वाक्य होतं, "सर, माझ्या हजेरीचं बघा."

घरचा नंबर त्याने नंतर लावला.

तो शिक्षणसेवक होता. तीन वर्षं मानधनावर काढायची असतात. प्राथमिकला हे मानधन २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये होतं, त्यानंतर १६,००० झालं. त्या तीन वर्षांत मस्टरवर एक लाल शेरा पडला तर पुढे काय होईल या धास्तीने पोरं झोपत नाहीत. ही धास्ती घेऊन उतरणाऱ्या मुलाला गिअर आणि ब्रेक शिकवून किती उपयोग? रात्रभर जागलेलं अंग आणि दिवसातला सर्वांत वाईट उजेड, आणि नेमका त्याच वेळी रस्त्याचा सर्वांत कठीण तुकडा. पावसाळ्यात दर सोमवारी हे तिन्ही एकत्र येतात.

म्हणून नव्यांना आमचं सांगणं हे, की घाटाची तयारी रविवारी सकाळी घरातून करायची असते. न्याहारी करून निघायचं. दुपारचं मटण बांधून घ्यायचं. अम्मीचा चेहरा उतरतो, तो बघायचा आणि तरीही निघायचं. उजेडी घाट उतरून व्हावा. ते जमलं नाही तर रात्री कराडला किंवा पाटणला कुणा ओळखीच्याकडे अंग टाकावं, पहाटेच्या अंधारात गाडीला हात लावू नये, आणि सोमवारी उशीर होणार असेल तर तसं रविवारीच कळवावं.

रमजानचंही असंच. चांदरातीच्या आधी घर गाठायच्या घाईत, रोजा ठेवून, इफ्तारच्या वेळेवर नजर ठेवून पोरं निघतात. घसा कोरडा, डोकं जड. मुसाफिराला रोजा पुढे ढकलायची सवलत आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. ती घ्यायला लाज वाटते ती दोस्तांची. तीन-चारशे किलोमीटर जाणारा जर मुसाफिर नाही, तर मुसाफिर कोण? तरीही ज्याला ठेवायचाच आहे त्याने एसटीने जावं.

लातूरवाल्याचं हाड दोनेक महिन्यांत सांधलं. त्यानंतर आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांना आधी राग आला. तुम्हाला काय, सगळे सोमवार माफ करायचे का, असं विचारलं. आम्ही म्हणालो, माफ नको, बदला. बरीच घासाघीस झाली. शेवटी तोंडी ठरलं की जून ते सप्टेंबर सोमवारचा पहिला तास गावातले, कोकणातले शिक्षक घेतील. त्यांचीही अट होती. शुक्रवारचा शेवटचा तास आम्ही घ्यायचा. त्या तासाला पोरांचं लक्ष खिडकीबाहेर असतं, आखातातून आलेल्या बापांच्या गाड्या दारात उभ्या असतात, आणि व्याकरण शिकवावं लागतं.

तो तास आम्ही घेतो.