जबलपूरची वीज आणि पंच्याऐंशी हजारांची केबल

जबलपूरला बदली झाली की दोन गोष्टी लवकर कळतात. खमरियाच्या लाँग प्रूफ रेंजवर तोफेची चाचणी असली की धमाका घरबसल्या ऐकू येतो, ही एक. आणि हे विजेच्या माणसांचं गाव आहे, ही दुसरी. रामपूरच्या शक्ती भवनातून मध्य प्रदेशच्या विजेचा कारभार चालतो, आणि जवळच नर्मदेवर बरगी धरणात ४५ मेगावॉटचे दोन संच आहेत. तोफ आणि वीज हे दोन्ही विषय गेल्या महिन्यात एकाच संध्याकाळी माझ्या बैठकीच्या खोलीत आले.

आणले माझ्या कोर्समेटने. एनडीएत तीन वर्षं एकच स्क्वाड्रन, नंतर दोघंही तोफखान्यात. त्याने वीस वर्षं झाल्यावर गणवेश उतरवला आणि पुण्यात नोकरी धरली. कान्हाला जाता जाता दोन दिवस आमच्याकडे उतरला. बॅगेतून कपड्यांच्या आधी निघाली ती केबल. दोन मीटर लांब, अजगरासारखी जाड, किंमत ८५ हजार. ॲम्प्लिफायरपासून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत जाणारी, एवढंच तिचं काम. माझ्याकडची अडीचशे रुपयांची काळी वायरही तेच करते.

"अरे, ही लाव आणि किशोरीताईंचा भूप ऐक. तानपुरा उघडतो बघ."

लावली. त्याने डोळे मिटले आणि दोन मिनिटांनी म्हणाला, "बघ, वरचं तेज परत आलं." दोन वर्षांपासून त्याला गाणं मळकट वाटत होतं. त्यापायी आधी स्पीकर बदलले, मग डॅक बदलला, आता ही केबल. पुण्याला परतल्यावर अशाच आणखी तीन घ्यायच्या होत्या. मुलगी यंदा इंजिनिअरिंगला गेली आहे, हे मला ठाऊक होतं.

मी गणित मांडलं. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या साध्या वायरचा रोध मीटरला साधारण १३ मिलिओहम. दोन मीटर जायचे, दोन यायचे, म्हणजे ५० च्या आसपास. घरी ऐकताना ॲम्प्लिफायर अर्धा अँपिअरही ओढत नाही. म्हणजे २३० व्होल्टमधले जेमतेम पाव दशांश व्होल्ट वायरीत जातात. त्याच संध्याकाळी माझा मीटर २१४ ते २३६ असा झोके घेत होता. शिवाय आत शिरलेली वीज ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटरमधून गाळूनच पुढे जाते. धरणापासून घरापर्यंत ती ॲल्युमिनियमच्या तारांतून येते, तिला शेवटच्या दोन मीटरसाठी सोवळं कशाला? त्याने मान डोलावली, पण पटलं नव्हतं. कानाने ऐकलेलं गणिताने पुसत नाही.

विजेचा आवाजाशी संबंधच नाही असं नव्हे. मे महिन्यात माझ्या ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला बोट लावलं की मुंग्या येत आणि सेट-टॉप बॉक्स जोडला की स्पीकर घुमत. शेजारचे सिग्नल्सचे निवृत्त सुभेदार साहेब येऊन म्हणाले, "सर, अर्थिंग वाळलंय." फील्डमध्ये अर्थ पिनच्या बुडाशी पाणी ओतायचो, तेच इथे केलं. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर मुंग्या थांबल्या. सगळे प्लग एकाच बोर्डावर घेतले, घुमणं गेलं. खर्च शून्य.

तर चाचणी. जेवणानंतर बायकोला पंच केलं. ॲम्प्लिफायरच्या मागे चादर टांगली. ती नाणं उडवायची आणि छापा पडला तर महागडी, काटा पडला तर साधी केबल लावायची. आम्ही पाठ करून बसायचो. तीच दोन मिनिटं, आवाजाची खुंटी जागची हलवायची नाही. बारा फेऱ्या. बारापैकी दहा बरोबर आल्या तर नशिबाचा भाग दोन टक्क्यांहून कमी राहतो, तेव्हा दहाची अट घातली. त्याच्या सहा बरोबर आल्या, माझ्या पाच. २००४ साली अमेरिकेतल्या एका ऑडिओ मासिकाने पॉवर केबलचीच अशी चाचणी घेतली होती. १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर आली. नाणं उडवलं तरी एवढीच येतात.

तो गप्प बसला. केबल गेल्याचं दुःख नव्हतं ते. "मग ते तेज कुठे गेलं रे?" असं त्याने विचारलं.

मला अंदाज होता. मोबाईलवर शुद्ध स्वर वाजवणारं ॲप काढून हेडफोन त्याच्या कानाला लावला. १००० हर्ट्झ दोन्ही कानांना, २००० दोन्ही कानांना. ४००० ला डावा कान कोरा. आवाज वाढवत गेलो. शेवटी हेडफोनमधून गळणारा तो स्वर खोलीच्या दुसऱ्या टोकाला बायकोला ऐकू आला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. त्याला तेव्हाही काही ऐकू येत नव्हतं.

गनर वाचकांना पुढचं सांगायला नको. आम्ही दोघं १३० मिलिमीटरच्या रेजिमेंटमध्ये जीपीओ होतो, आणि तोफेच्या बाजूला दणका १६० डेसिबलच्या वर जातो. इअर प्लग खिशात असायचे, कारण ते घातले तर हुकूम नीट ऐकू येत नसे. बॅटरीसमोर कानात बोळे घालून उभं राहणं तेव्हा कुणाला मर्दपणाचं वाटत नसे. दणक्याने होणारं नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतं. बोलणं ऐकू येत राहतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कळत नाही. तानपुऱ्याच्या जव्हारीची वरची झळाळी मात्र तिथेच असते. माझ्या ऑडिओग्रामवरही तो खड्डा आहे, त्याच्यापेक्षा उथळ.

"म्हणजे स्पीकर चांगले होते," तो म्हणाला.

"स्पीकर उत्तम होते."

रात्री बराच वेळ आम्ही व्हरांड्यात बसलो. ईसीएचएसमधून तपासणी आणि हिअरिंग एडसाठी कुठला कागद लागतो ते मी लिहून दिलं. एड लावल्यावर भूप पहिल्यासारखा लागेल का, हे त्याने दोनदा विचारलं. पहिल्यासारखा नाही, पण आतापेक्षा जास्त ऐकू येईल, असं मी सांगितलं.

सकाळी कान्हाला निघताना केबल त्याने परत बॅगेत भरली. बाकीच्या तीन रद्द करायला दुकानाला फोन लावला, आणि मोबाईल उजव्या कानाला धरून बोलत बोलत गाडीकडे गेला.