युरेनियमचे वाचन

एकाच संहितेची दोन वाचने सारखीच पटू लागली की आपण मराठीचे अध्यापक ‘अनेकार्थता’ हा शब्द समाधानाने उच्चारतो आणि पुढच्या कवितेकडे वळतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील न्यूट्रॉन विवर्तनाविषयी वाचताना या समाधानाबद्दल आमच्या मनात संशय उत्पन्न झाला.

तेथील ध्रुव अणुभट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी प्रथम कार्यान्वित झाली. तिचे इंधन नैसर्गिक युरेनियम. त्याच्या विखंडनातून सुटलेले न्यूट्रॉन जड पाण्यात मंदावतात आणि त्यांची तरंगलांबी अणूंमधील अंतराच्या जवळपास येते. न्यूट्रॉनावर विद्युत्भार नाही; पण तो स्वतः सूक्ष्म चुंबक आहे. म्हणून कोणत्या अणूचे चुंबकत्व कोणत्या दिशेस आहे, हे त्यास जाणवते. युरेनियमच्या आंतरधातू संयुगांची चुंबकरचना याच मार्गाने ठरवितात. युरेनियमच युरेनियमला वाचतो, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

आमच्या बोरी अरबच्या शिवारात कपाशीच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ असते. पावसाळ्यात सारे हिरवे. तूर फुलली की पिवळे पट्टे दिसतात आणि शेताची खरी पुनरावृत्ती कळते. स्फटिक थंड करीत गेल्यावर असेच होते. एका विशिष्ट तापमानाखाली अणूंची चुंबकत्वे आलटून-पालटून उलट दिशांना लागतात आणि आलेखात जेथे काहीच नव्हते तेथे नवी शिखरे उगवतात.

शिखरांवरून रचना थेट मिळत नाही. तीव्रता हाती येते, तरंगाची कला हरवते. संशोधक रचना कल्पितो, तिचा आलेख गणिताने काढतो आणि मोजलेल्या आलेखाशी ताडून पाहतो. युरेनियम व अँटिमनी यांच्या संयुगात येथेच पेच पडला. चुंबकत्वाची लहर स्फटिकाच्या एका भागात एका अक्षाने, दुसऱ्या भागात दुसऱ्या अक्षाने धावते, की प्रत्येक भागात तिन्ही अक्षांच्या लहरी एकवटलेल्या आहेत? जणू काही शेतांत ओळी उभ्या व काहींत आडव्या, की प्रत्येक शेतात दोन्ही? विवर्तनाचा आलेख दोहोंसाठी तोच.

भौतिकीचा अभ्यासक येथे थांबत नाही. अशा प्रसंगी तो एकसंध स्फटिक घेऊन त्यावर एका दिशेने दाब देतो किंवा चुंबकीय क्षेत्र लावतो. भाग निरनिराळे असतील तर एका प्रकारचे भाग इतरांना गिळून वाढतात, काही शिखरे उंचावतात, काही मावळतात. लहरी एकवटलेल्या असतील तर तसे घडत नाही. या संयुगात अखेर तिहेरी वाचन ग्राह्य ठरले. कवितेचे हस्तलिखित, प्रथम प्रकाशनाचा संदर्भ, कवीने पुढच्या आवृत्तीत गाळलेले कडवे हाही दाबच आहे. मराठी समीक्षेत तो फार कमी दिला जातो, असे आमचे मत आहे.

अर्थात दाब देऊनही काही संहिता दाद देत नाहीत. युरेनियम, रुथेनियम आणि सिलिकॉन यांच्या एका संयुगात सुमारे १७.५ केल्व्हिनला काहीतरी निश्चित बदलते, हे १९८५च्या सुमारास कळले. न्यूट्रॉनांना तेथे चुंबकत्व सापडले, पण बोर मॅग्नेटॉनच्या अवघे ०.०३ पट, मोजलेल्या विशिष्ट उष्णतेचा हिशेब त्याने लागेना. या अवस्थेस ‘प्रच्छन्न क्रम’ असे नाव पडले आणि तिच्याविषयी आजही एकमत नाही. ते इवले चुंबकत्वसुद्धा बहुधा स्फटिकातील ताणामुळे उद्भवलेले असावे, असा निष्कर्ष पुढे निघाला. आपल्या परिभाषेत, शिखर प्रक्षिप्त.