जुन्या पेटीची परीक्षा



आमच्या नंदुरबारच्या घरीं, बैठकीच्या कोपऱ्यांत, पितळी कर्ण्याची एक गाणारी पेटी आहे. तिच्या बाजूस नाणें टाकण्याची फट असून, तिच्याबरोबर मिळालेल्या चिठ्ठीवर "नाण्यावर चालणारा फोनोग्राफ, सन १८९०" असें लिहिलेलें होतें. आमच्या तीर्थरूपांनीं लहानपणीं सारंगखेड्याच्या यात्रेंत एक आणा देऊन अशाच कर्ण्यांतून गाणें ऐकलें होतें. त्या आठवणीच्या ओढीनें, नोकरींतून निवृत्त झाल्यावर, त्यांनीं ही पेटी मुंबईच्या एका दुकानांतून मोठ्या किंमतीस घेतली.

गेल्या वर्षीं आमच्या पुतणीच्या कॉलेजची फी भरण्याची अडचण पडली, तेव्हां सुरतेचे एक गृहस्थ पेटी विकत घेण्यास तयार झाले. मात्र ती अस्सल आहे असें त्यांस आमच्याकडून लेखी हवें होतें. ती अस्सल ठरावी अशी आमची मनापासून इच्छा होती; आणि म्हणूनच त्या इच्छेवर विसंबणें आम्हांस धोक्याचें वाटलें.

प्रथम आम्हीं इतिहास चाळला. लुई ग्लास यांनीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें ता. २३ नोव्हेंबर १८८९ रोजीं नाणें टाकून ऐकण्याचा फोनोग्राफ मांडला. त्यांत मेणाचें नळकांडें फिरे, आणि नळ्या कानांस लावून गाणें ऐकावें लागे. आमची पेटी तर तबकड्या वाजविते, आणि तिच्यावर कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचें प्रसिद्ध चित्र आहे. फ्रान्सिस बॅरॉड यांचें तें चित्र ग्रामोफोन कंपनीनें सन १८९९ मध्यें घेतलें. मग १८९० च्या पेटीवर तें आलें कोठून?

नंतर आम्हीं पेटी उघडली. लांकूड बाहेरून काळवंडलेलें, परंतु आंतून कोरें होतें. रंग देऊन त्यास म्हातारपण आणलेलें होतें. मोटार मात्र खरोखरच जुनी, हातांत घेऊन हिंडण्याच्या लहान ग्रामोफोनची; तिच्या पत्र्यावरील चार भोकांपैकीं दोन येथें मोकळींच राहिलीं होतीं. शेवटीं आम्हीं फटींत एक रुपया टाकला. किल्लीच्या खऱ्या यंत्रांत नाणें पडतांच खटका सुटतो आणि चक्र फिरूं लागतें. येथें रुपया तळाशीं पडून नुसता वाजला. फटीखालीं खटकाच नव्हता.

तीर्थरूप दारांत उभे राहून सर्व पाहात होते. कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. मग त्यांनीं विचारलें, "आतां त्या गृहस्थांस काय लिहिणार?"

आमच्यानें उत्तर देववेना. त्यांनीं ती चिठ्ठी उलटली आणि पाठीमागें स्वतःच्या अक्षरांत लिहिलें, "मोटार जुनी, पेटी नवी, फट शोभेची." तेंच आम्हीं सुरतेस कळविलें. गृहस्थ आले नाहींत. फीसाठीं आम्हांस कर्ज काढावें लागलें, आणि तें अजून फिटावयाचें आहे.

मित्रहो, पहिली लबाडी दुकानदारानें केली होती. दुसरी करण्याची पाळी आमच्यावर आली होती, ती तीर्थरूपांनीं टाळली. चिठ्ठी आजहि पेटीवर आहे. पाहुणे आले म्हणजे तीर्थरूप ती प्रथम वाचून दाखवितात, आणि मग तबकडी लावितात.