मोठा आवाज आणि स्वच्छ आवाज

वार्धक्यात माणसाची दृष्टी मंदावली की घरातील मंडळी त्याचा हात धरतात; श्रवण मंदावले की मात्र आवाज चढवतात. ऐकू न येणाऱ्याशी बोलणारा माणूस पाहता पाहता ओरडू लागतो, आणि ओरडणाऱ्याचा चेहरा, त्याच्या मनात काही नसले तरी, रागावलेलाच दिसतो. म्हणूनच की काय, कान मंदावलेली माणसे आधी प्रश्न विचारणे सोडतात, मग उत्तर देणे सोडतात आणि अखेरीस आपल्या कोपऱ्यात मुकाट्याने बसून राहतात.

माझ्या सासूबाई गेली दोन-तीन वर्षे अशा बसू लागल्या होत्या. वय ८७. ग्वाल्हेरचे लष्कर हे त्यांचे माहेर. कृष्णराव शंकर पंडितांचे गाणे त्यांनी मुलीच्या वयात समोर बसून ऐकलेले. लग्न होऊन इंदुरास आल्या त्या अमीर खाँसाहेबांच्या विलंबित ख्यालाच्या प्रेमात पडल्या. १९७४ साली खाँसाहेब मोटार अपघातात गेले, त्या दिवशी घरात रेडिओ लागला नाही, असे त्या सांगतात. अशा बाईने गाणे ऐकणे सोडून द्यावे, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागून राहिली होती.

कानातले यंत्र होते. परंतु ते मुख्यतः बोलणे कळावे म्हणून घडवलेले असते. तंबोऱ्यासारखा अखंड सूर ते कधी कधी गोंगाट समजून दाबून टाकते. मोठ्या आवाजात स्पीकर लावावा, तर शेजारच्या खोलीत नातीचा अभ्यास चाललेला. तेव्हा हैदराबादेस असलेल्या आमच्या चिरंजीवांनी एक हेडफोन आणि लोखंडी डब्यांसारख्या दोन छोट्या पेट्या पाठवून दिल्या. एकीचे नाव डॅक, म्हणजे डिजिटल-टू-ॲनलॉग कन्व्हर्टर. दुसरी हेडफोन ॲम्प्लिफायर. जोडणीचे काम मजकडे आले.

या पेट्यांचे कार्य समजून घेताना मला मोठी मौज वाटली. संगणकात गाणे नसतेच, असतात ते केवळ आकडे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर प्रत्येक सेकंदाला, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी, ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेतलेले असते, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेले असते. या आकड्यांचे पुन्हा विजेच्या सलग लहरींत रूपांतर करणे, एवढेच डॅकचे काम. मात्र त्या लहरींत हेडफोनचे पडदे हलविण्याइतके बळ असेलच असे नाही. ते बळ ॲम्प्लिफायर पुरवतो. संगणकाच्या पोटातही ही दोन्ही कामे होतात. पण तिथे शेजारी इतर पुष्कळ विद्युत्-व्यवहार चाललेले असतात, आणि काही यंत्रांत त्यांची खरखर आवाजात मिसळते. ॲम्प्लिफायर बिचारा निवड करीत नाही. गाण्याबरोबर खरखरही तितक्याच इमानाने मोठी करतो. म्हणून आधी स्वच्छता, मग बळ, हा क्रम.

जोडणी तशी सोपी. संगणकातून यूएसबीची वायर डॅकमध्ये. डॅकच्या लाइन-आउटमधून दोन वायरी, लाल उजवीकडची आणि पांढरी डावीकडची, ॲम्प्लिफायरच्या लाइन-इनमध्ये. आणि तेथून हेडफोन. डॅकला स्वतःचे हेडफोनचे भोक असले तरी ॲम्प्लिफायरला जोडण्यासाठी ते वापरू नये. एकदा वाढवलेला आवाज पुन्हा वाढवण्यात हशील नाही. आवाज कमी-जास्त करण्याचे काम एकाच बटणाकडे असावे: संगणकावरचा आवाज पूर्ण ठेवावा आणि ताबा ॲम्प्लिफायरच्या बटणाकडे द्यावा. सुरू करताना डॅक आधी, ॲम्प्लिफायर नंतर; बंद करताना उलट. आणि हेडफोन कानावर चढवण्यापूर्वी बटण शून्यावर आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

सर्व जोडले आणि कानात भुंगा शिरल्यासारखी गुणगुण ऐकू आली. संगणकाचा चार्जर एका भिंतीवरच्या सॉकेटात, ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या. दोन वाटांनी अर्थिंग मिळाले की मधल्या वायरींचे एक वेटोळे तयार होते आणि घरातल्या विजेची ५० हर्ट्झची कंपने त्यातून आवाजात शिरतात. सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घेताच भुंगा उडाला. तसे करूनही तो न गेल्यास, संगणकाला सोय असेल तर, यूएसबीऐवजी ऑप्टिकल केबल वापरता येते; तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो, त्यामुळे वेटोळे तुटते. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो कदापि मानू नये. ती पिन जिवाच्या रक्षणासाठी असते.

प्रश्न उरला तो आवाजाच्या मर्यादेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. मंद कानाला मोठा आवाज हवासा वाटतो, आणि तोच उरलेल्या श्रवणाचा घात करू शकतो. म्हणून कानांच्या डॉक्टरांना आधी विचारले. त्यांच्या सांगण्यावरून कानातले यंत्र काढून हेडफोन लावायचा, असे ठरले. कारण यंत्रावर हेडफोन दाबला गेला की ते शिट्टी घालते. बटणावर मी तांबड्या रंगाची खूण केली. तिच्या पुढे जायचे नाही.

अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग डोळे मिटूनच म्हणाल्या, “अगं, तंबोरा आहे की मागे!” बटण खुणेच्या बरेच अलीकडे होते.

वार्धक्याने नेलेले उंच सूर कोणतीही पेटी परत आणत नाही. तसा भ्रम कोणी बाळगू नये. परंतु जे श्रवण उरले आहे त्याच्या वाटेतील कचरा दूर करता येतो, आणि तेवढ्यानेही पुष्कळ ऐकू येते. हे सूत्र मी गाण्यापुरते ठेवलेले नाही. सासूबाईंशी बोलायचे असले की आता घरात आधी टीव्ही बंद होतो. मग समोर बसून, त्यांना आपले ओठ दिसतील असे, नेहमीच्याच आवाजात, जरा सावकाश बोलायचे, असा नियम झाला आहे. परवा नातीला त्यांनी स्वतः होऊन विचारले, “आज शाळेत काय झालं गं?” कितीतरी महिन्यांनी त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.