हातोडी धरलेला हात

चि. सायलीस,


चित्रात तू आधी बोटं एकेक करून काढतेस आणि मग त्यांच्या फटीत हातोडीचा दांडा बसवतेस. त्यामुळे हाताने हातोडी धरली आहे असं न वाटता ती हाताला चिकटवल्यासारखी वाटते. माझं म्हणणं असं, की हा हात कुठलं काम करतोय हे आधी ठरव. बोटांची ठेवण त्यातूनच निघते. जॉन नेपियर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९५६ साली पकडीचे दोन मूळ प्रकार मांडले: वस्तू तळव्याशी आवळणारी जोराची पकड, आणि अंगठा व बोटांच्या टोकांनी साधलेली नेमकी पकड. पण त्याचा खरा मुद्दा पुढे आहे. बरणीचं घट्ट झाकण हात आधी तळव्याने आवळतो आणि सैल झाल्यावर नुसत्या बोटांच्या टोकांनी फिरवतो. झाकण तेच, आकार तोच. काम बदललं म्हणून पकड बदलली.

हातोडीचंच बघ. जोराने खिळा ठोकताना दांडा तळव्यातून तिरका जातो, करंगळीखालच्या मांसल भागाकडून तर्जनीकडे. अंगठा बोटांवर येतो, मनगट किंचित मागे झुकतं. हे मनगट पुष्कळ जण आत वळलेलं काढतात, आणि तिथेच चित्रातला जोर जातो. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखालच्या हातात असतात आणि त्यांच्या कंडरा मनगटावरून बोटांत उतरतात. मनगट आत दुमडलं की हे स्नायू आधीच आखूड होतात, मुठीला जोर उरत नाही. पेन्सिल मुठीत धर, मनगट पूर्ण आत वळव आणि दुसऱ्या हाताने ती ओढून बघ. उलट बारीक खिळ्यावर नेम धरायचा असला, की अंगठा बोटांवरून सुटून दांड्यालगत सरळ होतो. तेवढ्या अंगठ्यावरून बघणाऱ्याला कळतं, हा घाव जपून पडणार.

तू म्हणशील, समोर मॉडेल असताना दिसतं ते उतरवावं, एवढी चिकित्सा कशाला? पण दिसतं ते अर्धंच. मुठीतला दांडा झाकलेला असतो. तो मनात धरला नाही तर वरून शिरलेला दांडा खालून भलतीकडेच बाहेर पडतो. म्हणून दांडा आधी अख्खा, मुठीच्या आरपार काढ. मग तळवा आणि अंगठा, बोटं सर्वांत शेवटी. (इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात तर समोर मॉडेलही नसतं.) याहून अवघड आक्षेप अजिंठ्याचा आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रातली बोटं लांब, निमुळती, सांध्यांची हाडं जवळजवळ पुसलेली; तरी हातातलं कमळ सुटेल असं वाटत नाही. मग शरीरशास्त्रावाचून काय अडलं? मला तर हे चित्र माझ्याच बाजूचं वाटतं. कमळाला वजन ते किती! ते धरायला जोर लागत नाही, आणि चित्रकाराने तो दाखवलेलाही नाही. हाडांकडे त्याने काणाडोळा केला, कामाकडे नाही. त्याच बोटांत घण दिला असता, तर मात्र चित्र फसलं असतं.

आता हातोडी बाजूला ठेव. तांब्या काढून पाठव, एकदा रिकामा उचललेला आणि एकदा काठोकाठ भरलेला. पाणी दाखवू नकोस. कुठला भरलेला ते मला हातावरून ओळखू दे.

तुझा,
काका