बिशप आणि त्यांची वाचक

राजा तिसरा जॉर्ज आजारामुळे कारभारास असमर्थ ठरल्यावर 1811 ते 1820 या काळात युवराजाने त्याच्या वतीने इंग्लंडचे राज्य चालवले, म्हणून त्या दशकाला रीजन्सी, म्हणजे राजप्रतिनिधीचा काळ, असे नाव पडले. जेन ऑस्टिन यांच्या सहाही प्रमुख कादंबऱ्या याच दशकात प्रसिद्ध झाल्या आणि गावाकडची सुशिक्षित तरुणी व तेथला धर्मगुरू यांचे संथ, मर्यादशील प्रेम ही त्या काळाची ओळख होऊन बसली. या प्रेमाला व्यवहाराची भक्कम बैठक असे. एखाद्या गावच्या चर्चचे धर्मगुरुपद आणि त्याला जोडून येणारे दशमांशाचे व जमिनीचे उत्पन्न यांना मिळून इंग्लंडमध्ये ‘लिव्हिंग’ म्हणत, आणि ते बहाल करण्याचा हक्क पुष्कळदा तिथल्या जमीनदार घराण्याकडे असे. आपल्याकडचे वतन ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. लिव्हिंग मिळाले की लग्नाला वाट मोकळी होई, आणि लग्न झाले की कादंबरी संपे.

ज्या दांपत्याची कथा लग्नानंतरच खरी रंगली आणि जिचा एक टप्पा पनवेलच्या वाटेवरून गेला, ते दांपत्य म्हणजे रेजिनाल्ड आणि अमेलिया हेबर. रेजिनाल्ड हेबर यांना 1807 मध्ये श्रॉपशर परगण्यातील हॉडनेट या खेड्याचे, आपल्याच घराण्याच्या हातातले लिव्हिंग मिळाले, आणि 1809 मध्ये त्यांनी वेल्समधील सेंट असाफ येथील कॅथीड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख धर्माधिकारी, विल्यम शिप्ली यांची मुलगी अमेलिया यांच्याशी विवाह केला. पुढची सुमारे चौदा वर्षे प्रवचने, गावातल्या आजाऱ्यांची विचारपूस, स्तोत्ररचना आणि ग्रंथवाचन यांत गेली. 1818 मध्ये तान्ह्या मुलीच्या मृत्यूचे दुःखही दोघांनी याच काळात सोसले. ऑस्टिन यांच्या नायिकेला लाभावे असे हे आयुष्य होते, आणि ते तसेच सरले असते तर इतिहासाने त्याची फारशी दखल घेतली नसती.

कलकत्त्याच्या बिशपपदाचे निमंत्रण आले तेव्हा पत्नी आणि लहान मुलगी यांच्या प्रकृतीच्या काळजीने हेबर यांनी आधी नकार दिला, मग मनाशी बराच झगडा करून होकार कळवला, आणि 1823 च्या ऑक्टोबरात हे कुटुंब कलकत्त्याला उतरले. त्या काळी या एका बिशपच्या अधिकारक्षेत्रात सारा ब्रिटिश हिंदुस्थान, सिलोन आणि दूरचा ऑस्ट्रेलियाही मोडत असे. जून 1824 मध्ये हेबर गंगेच्या वाटेने उत्तर हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले. मांडीवरच्या तान्ह्या मुलीमुळे आणि प्रवासातील हालांमुळे अमेलिया मागे राहिल्या, आणि दोघांची भेट पुढे मुंबईस व्हावी असे ठरले.

या विरहाने एक सुंदर कविता लिहून घेतली. नावेतून जाताना हेबर यांनी पत्नीला उद्देशून रचलेल्या या कवितेत प्रेमाची मोठमोठी विधाने जवळजवळ नाहीत. सकाळी नावेच्या फळीवर आडवे होताना ती शेजारी असती तर, संध्याकाळी दिव्याशी बसताना ती जवळ असती तर, मुले गुडघ्याशी असती तर, अशा दिनक्रमातल्या रिकाम्या जागा ती एकेक करून मोजत जाते, आणि दिल्ली व माळवा यांना मागे टाकून अखेर मुंबईतल्या भेटीपाशी येऊन थांबते. पंधरा वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने बायकोला लिहिलेली प्रेमकविता त्या काळच्या मराठी वाङ्मयात शोधून सापडणे अवघड आहे, कारण लावणीतली विरहिणी पतीची वाट पाहते ती बहुधा शाहिराच्या शब्दांत, आणि पतीचे स्वतःचे व्याकूळ होणे तिथे क्वचितच ऐकू येते.

एप्रिल 1825 मध्ये हेबर मुंबईस पोहोचले. अमेलियाही थोरल्या मुलीसह समुद्रमार्गे तेथे आल्या आणि भेट झाली. पावसाळ्याच्या तोंडावर हेबर पुण्याला निघाले, तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वाट होती ती पनवेलची. रेल्वे यायला अजून बराच अवकाश होता आणि मुंबई हे बेट होते, म्हणून पुण्याचा प्रवासी बंदरातून होडीत बसे, भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरे आणि पनवेलला उतरे. वेळ चुकली तर ओहोटीच्या चिखलात होडी रुतून पुढच्या भरतीची वाट पाहावी लागे. तिथून पुढे पालखी किंवा घोडा, कारण बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तो 1830 मध्ये. कोकण पेशव्यांकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे जाऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. या दौऱ्यात हेबर यांनी कार्ल्याची लेणी पाहिली, आणि त्याच वर्षी पुण्याच्या लष्करातील सेंट मेरी चर्चचा अर्पणविधी, म्हणजे वास्तू धर्मकार्यास वाहण्याचा विधी, त्यांच्या हातून झाला.

3 एप्रिल 1826 रोजी त्रिचनापल्ली येथे स्नानाच्या हौदात हेबर यांचा आकस्मिक अंत झाला, तेव्हा अमेलिया पुन्हा कलकत्त्यात, पुन्हा दूर होत्या. त्यांनी पतीच्या रोजनिशीचे संपादन केले आणि 1828 मध्ये हा प्रवासवृत्तांत लंडनला प्रसिद्ध झाला. मुळात पत्नीने वाचावे म्हणून लिहिलेले हे पान न् पान अशा रीतीने जगाचे झाले. या दौऱ्यामागे कंपनीचे राज्य आणि धर्मप्रसार उभे होते हे विसरता येत नाही. 1819 च्या हेबर यांच्या प्रसिद्ध स्तोत्रात सिलोनच्या लोकांना अंध मूर्तिपूजक ठरवणारी जी घमेंड आहे, ती वेल्समध्ये बसून, तो देश पाहण्याआधी लिहिली गेली. रोजनिशीतला माणूस त्याहून पुष्कळ सावध आणि कुतूहलाने पाहणारा आहे. याचे एक कारण प्रत्यक्ष दर्शन हे खरेच, पण घरच्या माणसाला वस्तुस्थिती सांगताना उपदेशकाचा आवाज आपोआप खाली येतो, हेही दुसरे कारण असावे.

1830 मध्ये अमेलियांनी पतीचे दोन खंडांचे चरित्र प्रकाशित केले, आणि शीर्षकपृष्ठावर लेखिकेच्या जागी स्वतःचे नाव न घालता केवळ ‘त्यांची विधवा’ एवढीच ओळख दिली. त्यानंतर शंभरेक वर्षांनी महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले, आणि 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये याच संसाराची कथा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मिस्कील आवाजात सांगितली. अमेलिया पुढे पुनर्विवाह करून ग्रीक सरदारघराण्यात गेल्या, म्हणजे विधवापणात त्या अडकून पडल्या नाहीत. तरी वाङ्मयात त्या पहिल्या पतीच्या वाचक म्हणूनच राहिल्या. धर्मगुरूच्या संसाराची कथा पूर्ण व्हायला त्याची पत्रे पुरत नाहीत, पत्नीने स्वतःविषयी केलेले लेखनही हवे असते, आणि हेबर यांच्या संसारातला हा दुसरा भाग लिहिलाच गेला नाही.