मधले रबर

मोटारीचे कौतुक करताना माणसे इंजिनाची ताकद सांगतात, रंगाची चकाकी सांगतात, एका लिटरात ती किती पळते याचा हिशेबही सांगतात. परंतु इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्या मध्ये जो मूठभर रबराचा तुकडा दडलेला असतो, त्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. यात कृतघ्नपणा आहे असे मी म्हणणार नाही. त्या रबराचे कामच असे आहे, की ते नीट पार पडत असले म्हणजे त्याचे अस्तित्व जाणवू नये. घरात ज्यांच्यामुळे भांड्याला भांडे लागले तरी आवाज होत नाही, अशा माणसांची आठवणही आपल्याला सहसा ती आजारी पडल्यावरच होते.

या रबराला आपण माउंटिंग म्हणतो. दिल्लीकडचे मेकॅनिक त्याला 'फाउंडेशन' म्हणतात. त्याची एक लोखंडी बाजू इंजिनाला, दुसरी सांगाड्याला बोल्टांनी आवळलेली असते, आणि या दोन लोखंडांना एकमेकांपासून अलग ठेवून जोडण्याचे अवघड काम मधले रबर करते. आमची आल्टो तीन सिलिंडरांची आहे. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला २० स्फोट होतात. शिवाय तीन सिलिंडरांच्या इंजिनाची दोन टोके झोपाळ्याच्या फळीसारखी आळीपाळीने वरखाली होऊ पाहतात. हा सारा धुमाकूळ आत चालू असताना बसणाऱ्याच्या हातातील पेल्यातले पाणी हलू नये, ही अपेक्षा त्या रबराकडून केली जाते.

ही कल्पना तशी फार जुनी नाही. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या योगाने चिकट रबराला टिकाऊपणा आणला नसता, तर ती सुचूनही उपयोग नव्हता. पुढे १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तोलून बसविले, आणि त्या योजनेला 'तरंगती शक्ती' अशा अर्थाचे नाव दिले. फ्रान्समध्ये सित्रोएनने ती योजना घेतली तेव्हा आपल्या चिन्हावर पोहणारा राजहंस काढला. राजहंस वरून निश्चल दिसतो आणि पाण्याखाली त्याचे पाय सारखे चालू असतात. जाहिरातवाल्यांना क्वचितच इतकी समर्पक उपमा सुचत असेल.

आमची गाडी २०११ सालची. तिची माउंटिंगे २०२५ च्या आरंभी अगदी दबली. पहिला गिअर टाकताच 'धप्' असा आवाज येई, आणि तांबड्या दिव्यापाशी थांबलो की सारी गाडी हिवताप भरल्यासारखी कापे. बॉनेट उघडून, ब्रेक दाबून, क्लच किंचित सोडून पाहिला तर इंजिन जागच्या जागी उसळी घेताना दिसले. मला एकट्याला ती थरथर सोसवली असती. प्रश्न आईचा होता.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. आदल्या वर्षी तिचा पाठीचा एक मणका दबला. हाडे ठिसूळ झाली आहेत, एवढेच निदान. गाडी सिग्नलला थांबली की ती डाव्या हाताने दारावरची मूठ धरी आणि आपले शरीर आसनापासून जरासे उचलून ठेवी. तक्रारीचा शब्द नाही. दिवा हिरवा झाला, गाडी चालू लागली, की ती पुन्हा सावकाश टेकून बसे. गाझियाबादेतील वसुंधरेहून दिल्लीत शिरताना असे किती सिग्नल लागतात, ते मी तिच्या त्या हातावरून मोजू लागलो होतो.

आणि फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरणार होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत संमेलन झाले ते १९५४ साली. त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी हा योग आला होता. आई म्हणाली, "अरे, चौपन्न साली मी साताऱ्याला शाळेत होते. वर्तमानपत्रात वाचलं होतं. लग्न होऊन दिल्लीला आले ती त्रेसष्ट साली. बासष्ट वर्षं इथे काढली, संमेलन दारात आलंय, आणि मी घरात बसू?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. मेकॅनिककडे गेलो, तर त्याने मला पैसे वाचविण्याचा सल्ला दिला. दिल्ली आणि भोवतालच्या प्रदेशात पेट्रोलच्या गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा राष्ट्रीय हरित अधिकरणाने घातली होती, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली होती. "बाऊजी, साल भर की मेहमान है, अब इस पे क्या खर्चा!" तो म्हणाला. त्याचा हेतू सरळ होता. परंतु 'आता या वयात' ही शब्दयोजना मी गेल्या वर्षभरात दवाखान्यांच्या ओसरीवर, नातलगांच्या दूरध्वनीवर, इतक्या वेळा ऐकली होती, की ती गाडीच्या संदर्भातही मला ऐकवेना. जे थोडे दिवस उरले आहेत, ते थोडे आहेत म्हणूनच थरथरत काढावेत, हे तर्कशास्त्र मला पटत नाही. काम घरीच करावयाचे मी ठरविले.

काश्मिरी गेटच्या बाजारात मोटारीचा कोणता भाग मिळत नाही, हे सांगणे कठीण. गल्ल्यांतून लोखंड, ग्रीस आणि चहा यांचा मिश्र वास येत असतो. दुकानदाराने माझ्यापुढे दोन प्रकार ठेवले. एक साध्या रबराचा. दुसरा पॉलियुरेथेनचा, कडक आणि चमकदार. "यह जिंदगी भर नहीं घिसेगा," तो दुसऱ्यावर टिचकी मारून म्हणाला. ते खरेच होते. शर्यतीच्या गाड्यांत असले कडक माउंटिंग घालतात, कारण तेथे इंजिन हलता कामा नये. बसणाऱ्याच्या सुखाचा प्रश्न नसतो. जे स्वतः झिजत नाही, ते आलेला धक्का तसाच पुढे पोचविते. मी साधे रबर घेतले. त्याचा मूळ चीक कदाचित केरळातल्या एखाद्या टेकडीवरचा असेल. चौदा वर्षांत ते पुन्हा दबेल, हे ठाऊक होते. दबणे हीच त्याची नोकरी.

रविवारी, १६ फेब्रुवारीला, आमच्या इमारतीच्या आवारात कामाला हात घातला. शेजारचे गृहस्थ वायुदलात विमानांच्या दुरुस्तीवर होते. निवृत्तीनंतर त्यांची अवजारे आणि शिस्त दोन्ही शाबूत आहेत. आदल्या रात्रीच बोल्टांवर गंज सोडविणारे तेल सोडून ठेवले होते. इंजिनाच्या डोक्यावरून झिरपणारे तेल प्रथम नवी गॅस्केट बसवून थांबविले, कारण तेल हा रबराचा वैरी. ते थांबविल्यावाचून नवे माउंटिंग घालणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. मग चाकांना मागेपुढे विटा लावल्या आणि बॅटरीची ऋण तार सोडली. इंजिनाखाली जॅक लावला, पण जॅक व तेलाचे चेंबर यांच्या मध्ये जाड लाकडी फळी घातली. नाहीतर तो पातळ पत्रा चेपतो. जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरावयाचे नाही, हा नियम तर त्यांनी मला दोनदा ऐकविला.

मी जॅकचा दांडा जोराने दाबू लागताच ते म्हणाले, "उठाना नहीं है, भाईसाहब. सिर्फ सँभालना है." इंजिन वर उचलले तर नळ्या आणि तारा ताणतात. माउंटिंगवरचा भार नाहीसा होण्यापुरताच आधार द्यावयाचा, आणि तेथेच थांबावयाचे. आईला पलंगावरून उठवताना परिचारिकेने मला नेमके हेच शिकविले होते.

तीन माउंटिंगे, एका वेळी एकच. जुने काढावे, नवे बसवावे, बोल्ट बोटांनीच फिरवून सगळे आपापल्या आट्यांत शिरले आहेत याची खात्री करावी, आणि इंजिनाचा भार हळूहळू रबरावर येऊ देऊन मगच ते टॉर्क पान्याने ठरल्या मापापर्यंत आवळावेत. आधीच आवळले तर रबराला जन्मतःच पीळ बसतो. सौभाग्यवतीने बॅटरी धरून उजेड दाखविला आणि मधूनमधून स्वयंपाक निवत असल्याचे सांगितले. मागच्या माउंटिंगच्या एका बोल्टाने दीड तास घेतला. जुने रबर हाती आले ते तेलाने फुगलेले, मधोमध चिरलेले; एका ठिकाणी तर लोखंड लोखंडाला घासून चकाकत होते. आईने ते हातात घेऊन पाहिले. "बिचारं," एवढेच म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी साऱ्या दिल्लीला भूकंपाचा धक्का बसला. केंद्र धौला कुव्यापाशी, तीव्रता ४. हानी अशी झाली नाही, पण आमच्या इमारतीची सगळी बिऱ्हाडे खाली आवारात जमली. शाल पांघरून खुर्चीवर बसलेली आई मला हळूच म्हणाली, "अरे, हिचंही माउंटिंग बघ की!"

शनिवारी, २२ तारखेला, आम्ही संमेलनाला निघालो. टिळक मार्गावर तांबडा दिवा लागला. पुढे वाहनांची लांबच लांब रांग होती. मी सवयीने आईच्या डाव्या हाताकडे पाहिले. तो मुठीकडे गेला, क्षणभर तेथे थांबला, आणि खाली आला.

"बंद पडली का रे गाडी?" तिने विचारले.

"नाही, आई. चालू आहे."

तिने थोडा वेळ कान देऊन ऐकले, मग पाठ आसनाला टेकली, आणि पदराखालून संमेलनाची कार्यक्रमपत्रिका काढून परिसंवाद किती वाजता आहे ते पाहू लागली.